नाल्याचं पाणी आणि शेषरावांची वांगी

आमच्या माती-पाणी तपासणीच्या लॅबमधून रिपोर्ट उशिरा निघतात, किस्से मात्र रोज निघतात. मी इथं असिस्टंट. बारा वर्षं झाली तरी अर्ध्या गोष्टी मला कळत नाहीत. आमच्या सरांना सगळ्या कळतात, असं त्यांना वाटतं.

*

मंगरूळपीरकडच्या एका काकूंनी मातीचा नमुना आणला, तो ओलाचिंब.

"काकू, पाण्यात पडला का?"

"नाही ना बापू. लय कचरा होता, दोनदा धुतली. साहेबापुढं तशी कशी ठिवू?"

मी फेकायला निघालो. सर म्हणाले, "राहू दे, मातीला चिकटलेलं खत धुऊन जात नाही." तपासलं, तर खरंच बरंचसं खत निघालं! मग धुऊन गेलं ते काय होतं, हे मी विचारलंच नाही.

*

अनसिंगच्या शेषरावांची वांग्याची बाग आहे. एकदा ते तणनाशकाची बाटली आपटतच आत आले.

"डुप्लिकेट हाय हे. बांधावरचं गवत मरून नाही राह्यलं, माजून राह्यलं."

सरांनी विचारलं, "पाणी कुठलं घेतलं?"

"नाल्याचं."

"तिथंच चुकलं. गढूळ पाण्यातली माती औषध धरून ठेवते, गवताला सोडतच नाही. विहिरीचं घ्या."

"माती काय औषध पेते?"

"पीत नाही. अंगाला चिकटवून घेते."

शेषराव माझ्याकडं बघायला लागले. मी सरांकडं.

*

महिनाभरानं शेषराव परत आले ते रडवेले होऊन. अळीचं औषध समजून सगळ्या वांग्यांवर तणनाशकच फवारलं होतं. वांगी तोडायला दोनच दिवस उरलेले.

"पाणी कुठलं?" सरांनी विचारलं.

शेषरावांनी मान खाली घातली. "नाल्याचंच. विहीर लांब पडते साहेब."

सर हसायलाच लागले. "मग बाग वाचली समजा. आठ दिवस थांबा."

आणि वाचली की हो! चार पानं पिवळी पडली, बस. आठ दिवसांनी शेषराव थैलीभर वांगी घेऊन हजर. मला वाटलं, सरांचे आभार मानायला आले.

"साहेब, मंग औषध गेलं कुठं?"

"सांगितलं ना, मातीला चिकटलं."

"अन् ते माती आता कुठं हाय?"

सर वांग्यांकडं बघत राहिले.

शेषराव म्हणाले, "उद्या बजारले न्यायचे हायेत. लोकाईचे लेकरं खातीन, मले भेव लागते. तुमी आंधी एक खाऊन सांगा."

"आज माझा उपास आहे," सर म्हणाले.

शेषरावांनी थैली माझ्याकडं सरकवली.