चंपतरावांच्या ओसरीवरची हवा

चंपतराव अवजाराला नुसतं अवजार कधी समजतच नाहीत. तेलंगणातल्या तलमडुगु मंडलात, म्हणजे तालुक्यात, आपल्या गावी कापूस-ज्वारी पिकवणारा हा माणूस वखराशीसुद्धा बोलतो. फवारणीचा पंप बिघडला, तर आधी त्याची समजूत घालतो आणि मग पाना हातात घेतो. शेजारी हसतात. हसोत बापडे. गावातला सगळ्यांत जुना पंप अजून त्यांच्याच घरी चालतो.

म्हणूनच हवेतली धूळ मोजणारा आमचा सेन्सर मी त्यांच्या ओसरीवर लावला. आदिलाबादच्या ज्या संस्थेत मी नोकरी करते, तिने खेडोपाडी असे स्वस्तातले सेन्सर बसवलेत. ते खरं बोलतात की नाही हे बघणं माझं काम. काम कसलं, डोकेदुखी! कुणी त्यावर ओला टॉवेल वाळत घालतं, कुणी त्याच्या खालीच चूल मांडतं, आणि थंडीत तर ते पहाटेच्या धुक्यालाच धूळ समजून बसतात. चंपतरावांकडचा मात्र शहाण्यासारखा वागायचा.

त्यांना त्याचं फार कौतुक, कारण त्यांची नात मयूरी. सहा वर्षांची पोर, आणि तिला दमा. मुलगा वैभव आदिलाबादला नोकरीला. तो मोबाइलवर ओसरीवरचा धुळीचा आकडा बघायचा, कमी दिसला की शनिवारी पोरीला घेऊन गावी यायचा.

दसरा झाला आणि आकडा चढला, तो उतरेचना. वैभवनं येणं बंद केलं. त्याचं तरी काय चुकलं? पोरीचा श्वास कोंडताना त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. इकडे चंपतरावांनी घर डोक्यावर घेतलं. बायकोची, बयनाबाईंची चूल बंद झाली, आणि गॅसवरच्या भाकरीला चव नाही म्हणून त्या रोज कुरकुरायला लागल्या. अंगणात सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडणं सुरू झालं. जन्माची बिडी चंपतरावांनी एका दिवसात सोडली. आकडा ढिम्म हलला नाही. शेवटी त्यांनी मला फोन केला.

"मॅडम, आमच्या घरात काय दडून बसलं हाय ते एकदा सांगून द्या. पोरीले बाधते ते घर मले नाई पायजे. वावरात झोपडी बांधून राह्यतो."

तो आवाज ऐकून मी दुसऱ्याच दिवशी निघाले.

मला आधी धुक्याचा संशय होता. पण भर दुपारी, कडक उन्हातही आकडा तसाच, म्हणजे तो संशय निकालात निघाला. मग आमचं महागडं, भरवशाचं यंत्र मी सेन्सरच्या शेजारी ठेवलं. दोघांची ओसरी एक, हवा एक. स्वस्तातला म्हणत होता हवा वाईट, महागडं म्हणत होतं अगदी स्वच्छ. मी सेन्सरचा डबा खाली उतरवला. त्यातला छोटा पंखा जिथून हवा आत ओढतो ती खालची जाळी लालभडक! उघडून पाहिलं तर आतही कुंकू. आतल्या प्रकाशासमोरून जेवढी धूळ जाते तेवढी तो मोजतो. इथे कुंकू मुक्कामालाच आलं होतं, आणि तो बिचारा तेच पुन्हा पुन्हा मोजत होता.

"काका, याची पूजा केली?"

"केली ना! दसऱ्याले समद्या अवजारांची करतो, याचीच काऊन नाई करनार? रातदिन राबून राह्यलं बिचारं."

"पण थेट तोंडात कुंकू?"

"मंग कुठं लावतेत? नांगराच्या फाळाले लावलं, पंपाच्या तोटीले लावलं. जे जिथून काम करते, तिथंच लावा लागते."

मी रागवायला तोंड उघडलं आणि हसतच सुटले. बयनाबाईंनी कपाळावर हात मारला. "या मानसानं माही चूल बंद केली होती, मॅडम!"

आतला भाग मी मऊ ब्रशनं आणि हवेच्या झोतानं साफ केला. तरी घाई नको म्हणून महागडं यंत्र तिथेच ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा दोघांचं बोलणं जुळत होतं. मला इतकं हलकं वाटलं की विचारू नका. मी तिथूनच वैभवला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सगळं सांगितलं. शिवारात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, जाळतात तेवढे दिवस पोरीला आणू नको, एरवी खुशाल आण, असंही सांगितलं.

"बाबा, मंग शनिवारी येतो," तो म्हणाला.

चंपतराव ओट्यावर बसले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"म्हंजे मॅडम, आमच्या घरापासून पोरीले तरास नवता?"

"नव्हता काका. एक दिवससुद्धा नव्हता."

त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले, लपवले नाहीत. मग माझ्या हातातला फोन घेतला आणि वावराच्या पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"वैभव, शनिवार काऊन? आजच आन ना तिले!"