रेंडरमध्ये दिसलेली उघाडी

आधीच सांगतो, मी डिप्लोमा सिव्हिल. लेव्हलिंगच्या रीडिंगवर विश्वास, बाकी कशावर फारसा नाही. लोकांचे असे अनुभव वाचून मी हसायचो... हसणाऱ्यानेच लिहायला बसावं, याची थोडी लाज वाटतेय.

गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची. घर पेणला रामवाडीत, नोकरी रोह्यात एका कन्सल्टिंग इंजिनिअरकडे. त्यांना सगळे साहेबच म्हणायचे. त्यांच्याकडे खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, एका गावाच्या बांधाचं काम आलं (नाव मुद्दाम देत नाही). खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध फुटून पाच वर्षं झाली होती, भातशेतीत खारं पाणी उभं. फुटलेला भाग भरायचा आणि बांधाला उघाडी बसवायची. उघाडी म्हणजे बांधातलं दार – ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला बंद. भांडण होतं ते तिच्या जागेवरून. एका आळीला ती पूर्वेला हवी, दुसरीला पश्चिमेला, आणि दोन्हीकडचं कोणी नकाशाकडे बघायलाही तयार नाही.

साहेब वैतागले. "यांना कागद नको, चित्र दाखव. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, डोळ्यांना दिसू दे. पावसाआधी काम उभं राहिलं नाही, तर हेही वर्ष गेलं."

ऑफिसचा कॉम्प्युटर असल्या चित्रापुढे मान टाकायचा. सर्व्हेचे हजारो पॉइंट, त्यावर माती, पाणी, पाण्यात आभाळ... दहा टक्क्यांवर हँग! शेवटी मशीन आपणच जुळवायचं ठरलं. माझा मित्र सुधीर रोह्याच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनला होता, शिफ्ट सुटली की रामवाडीला यायचा. मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात तीन फेऱ्या झाल्या. दोन प्रोसेसर बसतील असा मदरबोर्ड, दोन पेंटियम प्रो, रॅमच्या चार पट्ट्या, वेगवान स्कझी हार्डडिस्क. पहिल्यांदा बटण दाबलं तर पंखे फिरले आणि स्क्रीन काळीच. सुधीरने सगळं परत सोडवलं, रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासून बसवल्या. मेमरीचे आकडे धावू लागले तेव्हा आम्ही दोघं लहान पोरांसारखे ओरडलो. एप्रिलचा उकाडा, म्हणून कॅबिनेटला झाकण लावलंच नाही. घरातला एकुलता टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. बायको म्हणाली, "आम्ही शिजलो तरी चालेल, तुमचं बाळ थंड राहू दे."

पहिलं चित्र रेंडर व्हायला, म्हणजे मशीनने सर्व्हेच्या आकड्यांवरून काढायला, एकोणीस तास लागले. शनिवारी दुपारी साडेतीनला, बाहेर लख्ख ऊन असताना, ते पुरं झालं. खाडी, शेतं, बांध – मी बघतच राहिलो. आणि मग दिसलं... बांध जिथे शाबूत होता तिथे, पश्चिम टोकाच्या बराच अलीकडे, एक काळं चौकोनी तोंड. वर दगडी पट्टी.

मी असं काही काढलंच नव्हतं.

मॉडेल उघडून पाहिलं, तिथे सरळ बांध. सुधीर म्हणाला, "रॅम असेल." पट्ट्या अदलून-बदलून पाहिल्या, एक प्रोसेसर काढून पाहिला, तेवढाच तुकडा पुन्हा रेंडर केला. तोंड तिथेच. मग मी कॅमेरा खाडीच्या बाजूने लावला, तर तोंडही बाजूने दिसलं, आतल्या दगडी कडेसकट! तेव्हा मात्र अंगावर काटा आला.

सोमवारी गावात मीटिंग. साहेब फोनवर म्हणाले, "तसंच ने. विचारलं तर चूक म्हणून सांग."

टेम्पोत गादी अंथरून मशीन गावच्या शाळेत नेलं. वर्ग भरला, खिडक्यांतही माणसं. चित्र आलं आणि पुढे बसलेल्या हिराबाई उठल्या. साठीच्या, जन्म मिठागरात गेलेला, जमीन बांधाला लागून. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"बाला, ही दगडी उघाडी तुला कोनी सांगितली?"

"मावशी, ती मशीनची चूक आहे."

"चूक कशी? माजी सासू सांगायची. दगडाची उघाडी व्हती, पुरात गाडली गेली. सासू लगीन होऊन आली तवाच गाडलेली व्हती. जागा कुनालाच ठाव नाय."

मागून कोणीतरी म्हणालं, "खनून बघू या ना. आपलं काय जातंय?"

मी चित्रावरून अंतर काढलं, बांधावर टेप धरली, चुन्याने खूण केली. काही सापडलं नाही तर साहेबांचं नाव जाणार होतं, आणि सापडलं तर... त्याचा विचार नको वाटत होता. दोन्ही आळ्यांची माणसं खणायला उतरली. दुसऱ्या दिवशी, कमरेइतक्या खोलीवर, पहार दगडावर खणकन वाजली. घडीव दगड, वर एकच लांब शिळा, खाली चिखलाने बुजलेलं तोंड.

पुढे भांडायला काही उरलंच नाही. वाडवडिलांनी जिथे ठेवली तिथेच नवी उघाडी बसली. पहिल्याच पावसात आतलं पाणी ओहोटीबरोबर निघून गेलं. मीठ धुऊन जायला दोन पावसाळे लागले, तिसऱ्या वर्षी भात उभं राहिलं.

खणल्यानंतर आठवड्याभराने मी तीच फाइल, त्याच मशीनवर पुन्हा रेंडर केली. सरळ, कोरा बांध. नंतर कितीदा केली, मोजणं सोडलं. सर्व्हेचे कागदही चाळले. त्या जागी एकही रीडिंग घेतलेलं नव्हतं. सुधीर अजून म्हणतो, "मेमरीतला एखादा बिट उलटला असेल, शून्याचा एक झाला असेल." असेल बाबा... पण त्या बिटला गाडलेल्या उघाडीचा पत्ता कोणी दिला?

भात कापलं त्या वर्षी हिराबाई पिशवीभर नवे तांदूळ घेऊन रामवाडीला आल्या. मी त्यांना खरं ते सांगितलं, "मावशी, ते चित्र कसं आलं, मला आजही माहीत नाही."

त्यांनी पदराने घाम पुसला. "तुला ठाव नाय, मलाबी ठाव नाय. पानी जातंय ना भायेर? मग झालं."