हमालांच्या घराचं तळघर

नातवंडांनो, उधाणाची भरती म्हटली की आजही मी आधी घड्याळ पाहते.

मी तेव्हा ऑकलंडच्या एका पोलीस ठाण्यात सार्जंट होते. आमच्या हद्दीत जुन्या धक्क्यालगत कामगार संघांची विटांची घरं रांगेत उभी होती. शिडं शिवणाऱ्यांचं, पिंपं बनवणाऱ्यांचं, गोदी हमालांचं. युरोपातल्या मध्ययुगीन बंदरांवर असतात तशीच बांधलेली. एका दुपारी समोरच्या डेअरीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, मालकिणीचा फोन आला.

"जुन्या इमारतींची मापं घेणारी मुलगी हमालांच्या घरात गेलीय. तासाभरात येते म्हणाली. चार तास झाले, सायकल इथेच आहे."

कॉन्स्टेबल पाहून आला. सभागृह रिकामं, तळघराच्या लोखंडी दाराला बाहेरून कुलूप. वरून हाका मारल्या, उत्तर नाही. मुलीचा फोन लागत नव्हता. मी त्या घराच्या राखणदाराला ठाण्यात बोलावून घेतलं. सत्तरीचा निवृत्त हमाल. घाम फुटला होता. माझी खात्री पटली, यानेच काहीतरी केलंय.

"खरं सांगा, ती कुठे आहे?"

"गेली असेल. बोर्ड रिकामा होता."

"बोर्डाचं मला सांगू नका."

"मग विचारता कशाला? आत जाताना बिल्ला खुंटीवर लावायचा, निघताना काढायचा. खुंट्या रिकाम्या म्हणजे घर रिकामं. माझ्या बापाच्या वेळेपासून एकही माणूस आत राहिलेला नाही, ऑफिसर!"

चाळीस मिनिटं मी त्याला तेच तेच प्रश्न विचारत राहिले. शेवटी थकून विचारलं, "तिला बिल्ला दिला होता?"

"पाहुण्याला बिल्ला नसतो. आणणारा सभासद आपला लावतो."

"तिच्यासाठी कोणी लावला?"

"मी..."

त्याचा हात खिशाकडे गेला. पितळी बिल्ला खिशातच होता. निघताना त्याने तो सवयीने काढला, रिकाम्या खुंट्या पाहिल्या आणि तळघराला कुलूप घातलं.

तो खुर्ची पाडून उठला. "भरती! तळघरात पाणी चढतं!"

त्याला घेऊन आम्ही गाडी धक्क्याकडे पळवली. पायऱ्या उतरताना पाणी कमरेला लागलं. राखणदाराने कुलूप काढलं, कॉन्स्टेबल धरून आम्ही तिघांनी मिळून दार ओढलं. ती एका पेटाऱ्यावर उभी होती, ओठ निळे, आवाज पूर्ण बसलेला. भिंतीवर मागच्या उधाणाची खूण तिच्या डोक्याच्याही वर होती. तिने राखणदाराचंच मनगट पकडलं, ते सोडेना.

घाबरलेला माणूस गुन्हेगारासारखाच दिसतो, हे मला तेव्हा कळलं. ती चाळीस मिनिटं माझ्यामुळे वाया गेली. अहवालात मी तसंच लिहिलं. पुढे कोणालाही 'खरं सांगा' म्हणण्याआधी मी विचारत असे, "तुम्ही रोज काम कसं करता, ते आधी सांगा."