कबाबच्या मशीनची खंडेनवमी

मृत्यू समोर उभा राहिला की माणसाला जगण्याचा अर्थ उमगतो, असं गंभीर चेहऱ्याची माणसं सांगतात. माझ्यासमोर तो उभा राहिला तेव्हा मी वाकून झेंडूचा हार सोडवत होतो. त्यामुळे अर्थ राहून गेला...

अतर्क्य गोष्टींवर माझा विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. या ग्रुपवरचे तसले अनुभव मी जेवताना वाचतो, करमणूक म्हणून. तेव्हा स्वतःच इथे लिहायला बसणं जरा लाजिरवाणंच आहे — पण असो.

हैदराबादेत काटेदानला फ्रोझन कबाबचा कारखाना आहे, तिथे मी बाउल कटर चालवतो. घर बरकतपुऱ्यात. आई नातेवाइकांना ‘तो फूड लाइनमध्ये आहे’ एवढं सांगते आणि विषय बदलते. बाउल कटर म्हणजे परातीएवढं फिरणारं भांडं, त्यात विळ्यासारखी पाती. मांस आणि बर्फ टाका, झाकण लावा, बटण दाबा — बघता बघता लोण्यासारखा खिमा. हाडासकट टाकलं तरी त्याची तक्रार नसते. हाडात आणि बोटात ते फरक करत नाही, म्हणून त्याला झाकणाच्या बिजागरीपाशी एक खटका दिलेला असतो. झाकण बसलं की खटका दाबला जातो, तेव्हाच मशीन सुरू होतं. झाकण उघडं असताना कितीही बटण दाबा, पातं हलत नाही. याच भरवशावर मी रोज आत हात घालतो.

आमचे मालक मुकुंदराव जुन्या वकील घराण्यातले, कडक शाकाहारी. कटिंग रूममध्ये वर्षातून एकदाच येतात, खंडेनवमीच्या पूजेला. गेल्या वर्षी त्यांनी सिकंदराबादहून खास गुरुजी आणले. गुरुजींच्या कार्डावर पदव्या इतक्या होत्या, की फोन नंबर मागच्या बाजूला गेला होता.

मशीन आदल्या दिवशीच धुऊन ठेवलं होतं. झाकण उघडून गुरुजींनी आत लिंबू ठेवलं, पात्यांना कुंकू लावलं, हार घातला. मग झाकणाच्या दांडीला आणि बिजागरीला लाल दोऱ्याचे भरपूर वेढे दिले. मंत्र मोठ्या आवाजात चालू होते.

“साहेब, मेन स्विच बंद करू का?” मी विचारलं.

“छे!” गुरुजी मध्येच थांबले. “यंत्र जागं पाहिजे. झोपलेल्याची पूजा करतात का?”

“आत पाती आहेत, गुरुजी.”

“विनायक, तू उगाच दिमाग नको लावू,” मुकुंदराव म्हणाले. “पगार मशीन चालवायचा घेतोस ना? मग गुप उभा राहा.”

“यांचं दर वर्षीच असतं, मामा,” त्यांचे जावई मोबाइलवर व्हिडिओ काढत म्हणाले. “पूजा आली की यांच्यातला इंजिनियर जागा होतो.”

मी गुप उभा राहिलो. पण मुहूर्ताला मालक बटण दाबणार म्हणून सगळे डोळे मिटून उभे राहिले, तेव्हा मला हारातली तार दिसली. बाजारातले हार हल्ली तारेत ओवतात. ती तार आत राहिली तर पुढच्या खिम्यात लोखंड, आणि शिव्या मला. मी उघड्या झाकणामागून वाकलो आणि हात आत घातला. तार पात्याच्या बुडाशी अडकली होती.

पलीकडे मुकुंदराव बटण दाबू लागले. खट्. खट्. खट्. मला ऐकू येत होतं. मनात म्हटलं, दाबा साहेब, झाकण उघडं आहे, संध्याकाळपर्यंत दाबा...

“चालू का होत नाही?” ते ओरडले. “कोणी काय केलंय याला?”

हार सुटला. मी हात बाहेर काढला आणि सरळ उभा राहिलो. आणि मशीन सुरू झालं.

उघड्या झाकणानं. पूर्ण वेगात. लिंबाचा चुरा माझ्या चष्म्यावर उडाला. सगळ्यांनी जयजयकार केला. गुरुजींनी अशी मान हलवली, जणू हे त्यांच्या रोजच्या कामातलंच.

आमचे इलेक्ट्रिशियन गौसभाई धावले आणि त्यांनी मेन बंद केला. बिजागरीशी वाकून बघितलं. लाल दोऱ्याच्या वेढ्यांनी तो खटका घट्ट दाबून धरला होता. म्हणजे मशीनच्या लेखी झाकण बंद होतं... दोरा बांधल्यापासून!

“हात अंदर था तुम्हारा?” गौसभाईंनी हळूच विचारलं.

“हौ.”

दोरा तसाच ठेवून त्यांनी बटण दाबून बघितलं. लगेच सुरू. बंद करून पुन्हा दाबलं. पुन्हा सुरू. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्ही तेच करत होतो. एकदाही ते चुकलं नाही. वायर, बटण, पॅनल — सगळं ठीक. जावयांच्या व्हिडिओत स्पष्ट दिसतं: मशीन सुरू झालं तेव्हा मुकुंदरावांचे दोन्ही हात जोडलेले होते आणि पॅनलजवळ दुसरं कुणी नव्हतं. आधी का थांबलं, मग कुणी सुरू केलं — मला माहीत नाही. मशीनला माझी दया आली असं म्हणायला मी तयार नाही. मी त्याला रोज बघतो, ते तसं नाही.

मग दोरा सोडून मी मुकुंदरावांना दाखवला.

“म्हणजे गुरुजींनी बांधलेला दोरा तू सोडलास?”

“साहेब, माझा हात गेला असता.”

“पण गेला नाही ना? मग पूजेचा गुण आला म्हण की!”

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर मला मेमो मिळाला: धार्मिक कार्यात अडथळा आणल्याबद्दल. मी तो घेतला आणि पोच म्हणून सही करून दिली. उजव्या हाताने.