एकतिसावा खण

पाकीटकाकूंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ठरवून टाकलं की ही बाई चोंबडी आहे. खिडकीत स्टुलावर बसलेली, हातात बंद पाकीट, ते उजेडाला धरलेलं, डोळे बारीक, ओठ हलतायत. म्हटलं झालं, लोकांची पत्रं न फोडता वाचणारी भेटली. जेवणाच्या सुट्टीत मी दोघीतिघींना सांगूनही आले, वर शहाणपणा केला की आपापली पत्रं घरच्या पत्त्यावर मागवा. त्या इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. काकूंना आतल्या पत्रात काडीचा रस नव्हता. त्या पाकिटावरचं वाचत होत्या, पत्ता. कंपनीचं बाहेर जाणारं टपाल बघत सव्वीस वर्षं त्या एवढंच वाचत आल्या आहेत, आणि त्या चार ओळींना त्या जेवढ्या घाबरतात तेवढं कुणी सापालाही घाबरत नसेल.

भित्र्या मात्र आहेत, त्यात माझं काही चुकलं नव्हतं. लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही, तीन मजले जिन्याने चढायचे. स्कूटरवर जन्मात बसल्या नव्हत्या. सकाळी निघताना गॅसचं बटण तीनदा बघायचं, कोपऱ्यापर्यंत जाऊन चौथ्यांदा परत यायचं. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, आता घरीच असतात. ते दारातूनच सांगतात, "गॅस बंद आहे, मी चालू आहे, जा आता." हे ते गमतीत म्हणतात, पण काकूंना त्यात गंमत वाटत नाही. काकांच्या छातीत, डाव्या खांद्याखाली, काडेपेटीएवढं यंत्र बसवलंय. हृदयाचा ठोका अडला की ते ढकलून देतं. आणि ते यंत्र बनवणारी कंपनी म्हणजे आमचीच.

तर त्या सोमवारी मालकांनी सगळ्यांना वर बोलावलं. एरवी पेढीवर बसल्यासारखे ऐसपैस बसतात, त्या दिवशी उभे होते. म्हणाले, दोन वर्षांपूर्वीच्या एका खेपेतल्या यंत्रांची बॅटरी न सांगता संपू शकते. आज संपेल, सहा महिन्यांनी संपेल, कुणी सांगू शकत नाही. अठराशे बारा माणसांच्या छातीत ती यंत्रं आहेत. आपल्याकडे त्यांचे फोन नाहीत, यंत्र बसवताना त्यांनी भरलेल्या कार्डावरचे पत्ते तेवढे आहेत. प्रत्येकाला पत्र गेलं पाहिजे की तीन आठवड्यांच्या आत डॉक्टर गाठा. सोबत उत्तराचं कार्ड, पत्र मिळालं की सही करून उलट टपाली पाठवायचं.

काकूंनी पुढचं ऐकलंच नाही. त्यांच्या पर्समध्ये काकांच्या यंत्राच्या नंबराची चिठ्ठी असते, ती त्यांनी टेबलाखाली उघडली. खेप जिथे संपत होती त्याच्या पुढे चार आकडे सोडून काकांचा नंबर होता. चार नंबर अलीकडचं यंत्र बसवलं असतं तर? त्या घरी गेल्या, काकांना काही बोलल्या नाहीत, पण जेवताना त्यांचं सगळं लक्ष काकांच्या शर्टाच्या खिशाकडे. काका म्हणाले, माझा ठोका माझ्यापेक्षा तूच जास्त ऐकतेस.

पत्रांचं काम जावईबापूंकडे आलं. हे मालकांचे खरोखरचे जावई, कॉम्प्युटरचं सगळं तेच बघतात. माणूस वाईट नाही, फक्त मशीनवर त्याचा जेवढा विश्वास आहे तेवढा बायकोवरही नसेल. एका बाजूला पत्राचा मजकूर, दुसऱ्या बाजूला नावापत्त्यांची यादी, दोन्ही जुळवायची की मशीन अठराशे बारा पाकिटं आपोआप छापून देतं. यालाच मेल मर्ज म्हणतात. काकूंनी आपली शाळेतली वाटावी अशी वही पुढे केली. कुठल्या देशात घराचा नंबर रस्त्याच्या नावानंतर येतो, कुठे पिनकोड गावाच्या आधी, कुठे पत्ता प्रांतापासून सुरू होऊन माणसाचं नाव सगळ्यात शेवटी येतं, सगळं त्यात लिहिलेलं. त्यांनी हेही सांगितलं की शून्याने सुरू होणारे पिनकोड मशीन आकडे समजून शून्य खाऊन टाकतं. जावईबापूंनी तोंड वाकडं केलं, पण बघितलं तर खरंच दोनशे शून्यं गायब होती. ती त्यांनी मुकाट्याने परत बसवली.

वाद झाला तो स्टुलावरून. त्याच आठवड्यात नवा प्रिंटर आला होता आणि जावईबापूंनी तो काकूंच्या खिडकीत मांडला. काकू आतल्या ट्यूबलाइटखाली गेल्या. ती ट्यूब डोळा मारल्यासारखी लुकलुकते. काकू म्हणाल्या, मला पत्ते बघायला उजेड लागतो. जावईबापू म्हणाले, बघायचंय कशाला, एक पाकीट बरोबर आलं म्हणजे सगळी बरोबर. त्यावर मालकांनी वरून निरोप पाठवला की चारची टपालाची गाडी चुकता कामा नये, आणि वाद तिथेच राहिला.

मंगळवारी दुपारी पाकिटं धबाधब पडायला लागली. काकूंच्या पाठीमागे लाकडी खणांची भिंत आहे. एकतीस देशांचे एकतीस खण, प्रत्येकावर पितळी चौकटीत नाव, आणि खाली आपल्याच देशाच्या टपालाची मोठी पेटी. एरवी काकू अख्खा पत्ता वाचून पाकीट टाकतात. त्या दिवशी ट्यूब लुकलुकत होती, घड्याळ पळत होतं, म्हणून त्या शेवटची ओळ तेवढी बघत सुटल्या. शेवटी देशाचं नाव दिसलं की त्या खणात, नाही दिसलं की आपल्या पेटीत. पेटी भरत गेली, दाबून दाबून बसवावी लागली. काकूंना वाटलं, आपल्याकडेच यंत्रं जास्त खपली असतील. गठ्ठे बांधले, पोती शिवली, चार वाजून दहा मिनिटांनी गाडी गेली.

मग त्या खण पुसायला लागल्या. पोती गेली की खण पुसायचे, हा त्यांचा नेम. फडकं काळं होत होतं, कारण पाकिटं काढताना धूळ वर येते. तिसऱ्या रांगेतल्या शेवटच्या, एकतिसाव्या खणात हात घातला आणि धूळ हलली नाही. जशीच्या तशी, साईसारखी बसलेली. आज त्या खणात काही पडलंच नव्हतं.

हा खण ज्या देशाचा, तिथे आमचा माल दर महिन्याला जातो.

काकू तिथेच थांबल्या. फडकं हातात तसंच. त्यांनी देशाचं नाव पुन्हा वाचलं, मग शेजारच्या खणाचं, मग पुन्हा तेच. तिथे एकही आजारी नसेल का? नसेल, असं म्हणून बघितलं. पण पेटी डोळ्यांसमोर आली, ती गच्च भरलेली, दाबून बसवलेली पेटी. हात तर आपलेच होते. मशीनने छापलं असेल, पण आपल्या पेटीत टाकलं कुणी?

क्षणभर त्यांच्या मनात आलं की कुणाला कळणार नाही. सव्वीस वर्षांत एक चूक नाही, दीड वर्षाने निवृत्ती. मग काकांचा शर्टाचा खिसा आठवला, आणि त्या थेट जावईबापूंच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

जावईबापूंनी यादी उघडून दाखवली. हे बघा, चौऱ्याण्णव माणसं, देशाचं नाव चौऱ्याण्णव वेळा. ते हसले देखील. काकूंनी विचारलं, "मग पाकिटावरून कुठे गेलं?"

जावईबापूंनी पाकिटाचा जुना साचा उघडला. वापरून वापरून सगळ्यांच्या हातात बसलेला, आधीच्या माणसाने केलेला. त्या वेळी कंपनी त्याच देशातल्या मालकांची होती. आत कुठेतरी एक बारीक खूण होती की देश हा असेल तर छापू नकोस, घरच्या पत्राला देश कशाला. मशीनने इमानेइतबारे ऐकलं होतं. एरवी तिकडची एखाददुसरी पाकिटं हातानेच लिहिली जात, म्हणून हे कधी कळलं नव्हतं. जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं. पिनकोड तिथेही सहा आकडी, आपल्याकडेही सहा आकडी. ती चौऱ्याण्णव पत्रं आपल्याच देशात गावोगाव फिरणार, या नावाचं इथे कुणी नाही म्हणून दारादारातून परत पाठवली जाणार, आणि दीड-दोन महिन्यांनी आपल्याच दारात येऊन पडणार. तोवर कुणाची बॅटरी थांबायला तयार आहे?

ते हळूच म्हणाले, सासऱ्यांना इतक्यात नको सांगायला, उद्या सकाळी गुपचूप नवीन चौऱ्याण्णव छापून पाठवू. पण परदेशी टपालाचं विमान आज रात्रीच होतं. त्यापुढचं थेट शुक्रवारी. तीन आठवड्यांतले तीन दिवस.

"माझ्या घरी एक आहे तसलं," काकू म्हणाल्या. "मी शुक्रवारपर्यंत थांबणार नाही. गाडी काढा."

गाडी म्हणजे जावईबापूंची स्कूटर. आता काय सांगू, त्या प्रवासाचं वर्णन जावईबापू अजून करतात. काकूंनी त्यांची कंबर धरली नव्हती, गळा धरला होता. प्रत्येक वळणावर त्या डोळे मिटत आणि प्रत्येक सिग्नलला विचारत, किती वाजले. गाडीवाल्याला फोन लावला होता, पण तो चालवताना फोन उचलत नाही, शहाणा माणूस. मोठ्या टपालघरात पोचल्या तेव्हा पाच वाजून गेले होते. काकूंचे पाय जमिनीला लागले आणि जमीनच हलतेय असं त्यांना वाटलं.

आत लांबलचक दालन, पट्टे फिरतायत, पोत्यांचे डोंगर. सॉर्टिंगवाल्या मुख्य बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि सांगितलं की एकदा दिलेलं टपाल परत मिळत नाही. काकूंना रडू फुटायला आलं होतं. त्यांनी फक्त हात जोडल्यासारखे धरून यंत्र म्हणजे काय ते सांगितलं, ठोका, बॅटरी, चौऱ्याण्णव. बाईंनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, शिक्के सहाला पडतात, शिक्का पडला की माझ्या हातात काही नाही, तोवर इथेच बसून काय काढायचं ते काढा, पाकीट दालनाबाहेर न्यायचं नाही. पोती कुठली, हे शोधावं लागलं नाही. काकू गठ्ठ्याला दुहेरी गाठ मारून वर दोरीचं कान ठेवतात. त्यावरून त्यांना टपालघरात सगळे ओळखतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

सातशे बारा पाकिटं. जावईबापू यादी घेऊन, काकू उजेडाखाली. तिथे मात्र खिडक्या उंच होत्या, ऊन थेट टेबलावर. काकू आता शेवटची ओळ बघत नव्हत्या. घराचा नंबर रस्त्यामागे, पिनकोड गावाच्या आधी, की बाजूला. डोळे एवढे सरावलेले की बोटं आधी थांबायची आणि मग कळायचं का थांबली. पण घाईत दोन पाकिटं खाली पडली. साडेपाच. जावईबापू नावावर टिंबं करत होते आणि मधूनमधून घाम पुसत होते. पावणेसहाला सातशे बारा संपली. मोजली. त्र्याण्णव.

पुन्हा मोजली. त्र्याण्णव.

काकूंना दिसायला लागलं. एक माणूस कुठेतरी जेवत असेल, बायको समोर बसली असेल, त्याच्या खिशाकडे बघत. जावईबापू म्हणाले, एकच आहे काकू, त्याचं उद्या वेगळं पाठवू. काकूंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांनी टिंब नसलेलं नाव निमूटपणे वाचून दाखवलं. काकू परत पहिल्या गठ्ठ्यापासून सुरू झाल्या, आता फक्त नाव बघत. पट्टा थांबला, शिक्केवाला हात पुसत आला. सहाला चार मिनिटं असताना ते पाकीट सापडलं, पाचव्या गठ्ठ्यात. काकूंनी ते मघाशी हातात घेऊन बाजूला टाकलं होतं, कारण पत्ता अगदी आपल्याकडच्यासारखा होता. नंबर आधी, रस्ता मग, पिनकोड शेवटी.

"हा आपल्याकडचाच गेलाय तिकडे," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं झाली, कार्डावर पत्ता अजून घरच्यासारखाच लिहितो."

मग त्यांनी जाड पेन मागितलं आणि चौऱ्याण्णव पाकिटांवर, अगदी खाली, देशाचं नाव हाताने लिहिलं. मोठ्या सुट्या अक्षरांत. सहा वाजून गेले तरी शिक्केवाल्याने घाई केली नाही. मुख्य बाईंनी स्वतः पाणी आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मालकांना सगळं सांगितलं. साचा न तपासता वापरणं जावईबापूंचं, पण पेटीत टाकणं माझं. जावईबापूंची मान खाली.  

त्यानंतर एकोणीस दिवस काकूंचा जीव टांगणीला. रोज आल्याबरोबर पर्स न ठेवता त्या एकतिसाव्या खणात हात घालायच्या. तिथे त्यांनी उत्तराची कार्डं ठेवायची ठरवली होती. चार आली, अकरा आली, एक दिवस काहीच नाही. त्या दिवशी त्यांनी घरी काकांच्या छातीवर कान ठेवला, आणि काकांनी चेष्टा केली नाही. एकाच्या कार्डावर बायकोची सही होती, खाली लिहिलं होतं की ऑपरेशन झालं, बरे आहेत. काकूंनी ते दोन दिवस टेबलावर उभं करून ठेवलं. विसाव्या दिवशी चौऱ्याण्णवावं आलं. त्यावर परत पाठवणाऱ्याचा पत्ता होता, नंबर आधी, पिनकोड शेवटी, देश लिहायचा राहिलेला. काकूंनी तो पेनाने लिहिला आणि कार्ड खणात टाकलं.

मग त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि प्रिंटरची वायर काढली.

जावईबापू धावत आले. म्हणाले, प्लग इथेच आहे, प्रिंटर इथेच लागेल.

"प्लगला लांब वायर लावता येते," काकू म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांना कुठून लावू?"

जावईबापू म्हणाले, कोपऱ्यात अंधार आहे. काकू म्हणाल्या, प्रिंटर कुठे वाचतो? जावईबापूंनी मदतीसाठी मालकांकडे पाहिलं. मालक जिन्यात उभे होते, ते छताकडे बघायला लागले. शेवटी जावईबापूंनीच प्रिंटर उचलला आणि लुकलुकत्या ट्यूबखाली नेऊन ठेवला. वायर पुरली नाही, दुसरी आणावी लागली. काकू स्टूल ओढून खिडकीत बसल्या, एक पाकीट उजेडाला धरलं, आणि मागे न बघता सांगितलं की पंखा एकवर ठेवा, कागद उडतात. पंखा दोनवर होता. जावईबापूंनी एकवर केला.