बैलांनंतरचं गॅरेज

गॅरेजमध्ये दोन गोष्टी साठत जातात. जळकं ऑइल आणि किस्से. ऑइलचे डबे एक माणूस येऊन घेऊन जातो. किस्से कुणीच नेत नाही! अक्कलकोट रोडला, वळसंगच्या अलीकडं, मी आणि माझा पार्टनर रेवणसिद्ध तीस वर्षं ट्रॅक्टर खोलतोय. दोघंही हसरी माणसं. पण हल्ली एखादा किस्सा सांगून झाला की रेवण उगाच पाने-पकडी पुसायला लागतो.

*

सुरुवातीच्या काळात आमच्याकडं गुरप्पा यायचा. हा गडी सोलापूरच्या बाजारातून परतताना बैलगाडीत आडवा व्हायचा तो थेट गोठ्यात जागा व्हायचा. बैल बरोबर आणून सोडायचे.

मग बैल विकले, ट्रॅक्टर घेतला. पहिल्याच बाजाराला भरदुपारी डोळा लागला आणि ट्रॅक्टर सरळ ओढ्यात! नशीब, ओढा कोरडा होता. पुढचा एक्सल वाकडा, गुरप्पाच्या डोक्याला पट्टी.

रेवण ओरडला, "मालक, ट्रॅक्टरवर झोपत्यात व्हय?"

"वीस वर्षं झोपूनच आलो की रे," गुरप्पा म्हणाला. "त्यांना घर ठाऊक होतं!"

आम्ही दिवसभर हसलो. नंतर कळलं, गुरप्पा ती जोडी परत घ्यायला बाजार-बाजार फिरतोय. सापडली नाही. सापडणार कुठून!

*

आमच्याकडं बैलांचा सण म्हणजे कारहुणवी. ऐन पेरणीच्या तोंडावर येते. आमचं एक गिऱ्हाईक महादेव, त्याच्या घरी त्या वर्षी गोठा रिकामा, दारात नवा ट्रॅक्टर. त्याची आई शिवम्मा पुरणपोळीचं ताट घेऊन ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या मारून आली.

"महादेवा, ह्येचं तोंड कुठंय रे?"

महादेवानं गमतीनं डिझेलच्या टाकीकडं बोट केलं. केलं आणि जेवायला आत गेला!

दुसऱ्या दिवशी पेरणीला निघालेला ट्रॅक्टर बांधावरच बंद. आम्ही फिल्टर खोलला तर आत पुरण! टाकीच्या तळाला गूळ, डाळ, सगळं काही. रेवण हसून हसून खाली बसला. महादेव मात्र पेरणी गेली म्हणून आईवर तोंड टाकत होता.

शिवम्मा पदर सावरत पुढं आली. रेवण आपला कानडीवाला, म्हणून त्यालाच हळूच विचारलं, "तिंदिल्लेनो?"

खाल्लं नाही का रे त्यानं?

रेवण उठला आणि म्हणाला, "थोडं खाल्लंय, अव्वा."

*

एकदा ज्वारी काढायचं नवं मशीन घेऊन कंपनीचा सेल्समन आला. आमच्याच शेजारच्या रानात डेमो. मंडप, माइक, चहा. काढणीला जाणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादम काशीबाई, तीही टोळी घेऊन बघायला आली.

सेल्समन माइकवर म्हणाला, "वीस बायकांचं दिवसाचं काम ही मशीन तासात करते!"

काशीबाईनं मागून विचारलं, "आन त्या वीस बायका काय करत्यात?"

"आराम, मावशी, आराम!"

टाळ्या पडल्या. टोळीतल्या बायकांनीही वाजवल्या.

काशीबाई म्हणाली, "आराम शिजतो का ओ सायेब?"

आता टोळी एमआयडीसीत टॉवेलच्या घड्या घालते. काशीबाईला तिथं घेतलं नाही. टॉवेलातला सुटलेला धागा तिला दिसत नाही. ती अजून काढणीच्या दिवसांत विळ्याला धार लावायला आमच्या ग्राइंडरवर येते. कुठं चाललीस, असं आम्ही विचारत नाही.

*

नागनाथ सुतार म्हणजे बैलगाड्या बनवणारा शेवटचा माणूस. बरीच वर्षं रिकामा होता. एक दिवस आनंदानं सांगत आला, "मिस्तरी, बैलगाडीची ऑर्डर आली की!"

हायवेवरच्या हॉटेलवाल्याला दारात गाडी हवी होती. नागनाथनं जीव ओतला. चाकाच्या लोखंडी धावा, वंगण, सगळं खरं. पोचवायला गेला तर हॉटेलवाला म्हणाला, "चाकं सिमेंटमध्ये पक्की करायचीत. कार्टी खेळताना ढकलतात."

नागनाथ म्हणाला, "आन बैल?"

"फायबरचे येणारेत, सोमवारी!"

*

आणि हा बंडाप्पाचा.

बंडाप्पाकडं मळणी यंत्र होतं. ज्वारीची कणसं आत सरकवायला त्याला पत्र्याची लांब पन्हाळ असते, म्हणजे हात आतल्या दातऱ्यांपर्यंत पोचत नाही. बंडाप्पा म्हणाला, "ही पन्हाळ लई लांब हाय. माल हळू जातोय. कापून दे की." रेवण नको म्हणत होता. मी गॅस कटर पेटवला आणि कापली. मीच.

पुढच्या सुगीत बंडाप्पाचा उजवा हात कोपरापासून गेला.

दवाखान्यात मी गेलो नाही. गेटपर्यंत जाऊन परत आलो, दोनदा. तो शिव्या देईल, गळा धरील, असं रोज वाटायचं. पन्हाळीचा कापलेला तुकडा भंगारातून शोधून काढला आणि धुऊन ठेवला.

वर्षभरानं एका सकाळी टेम्पोत मशीन घालून बंडाप्पा दारात! शर्टाच्या रिकाम्या बाहीला गाठ. रेवणनं चहा दिला. त्यानं डाव्या हातानं घेतला. मी मान खाली घालून उभा.

"मिस्तरी," तो म्हणाला, "पन्हाळ डाव्या अंगाला घेऊन दे. आता ह्याच हातानं भरावं लागतंय."

मी मुंडी हलवली. ठेवलेला तुकडा आणायला वळलो.

तो मागून म्हणाला, "आन लांब ठिवू नगं हां. काम हळू होतंय!"