बुंदीची फळी

येडशीचे गफारभाई रेल्वेत गँगमन होते. हातोडीनं रूळ ठोकायचे आणि नुसत्या आवाजावरून तो ढिला की पक्का ते सांगायचे. कान तिखट, जीभ त्याहून तिखट.

ते रिटायर झाल्यावर लेक झरीननं आपली चिमुकली कुत्री, बुंदी, त्यांच्याकडं आणून सोडली. ती साध्या पायरीलाही भ्यायची. तिची भीती मोडायला गफारभाईंनी अंगणात विटांवर फळी मांडली आणि पट्टा ओढला. बुंदीनं चारही पाय रोवले.

"लई भित्री हायस!" ते खेकसले आणि एकदम थबकले. लहानगी झरीन बंद पडलेल्या छोट्या लायनीच्या रुळावरून चालायला घाबरून रडत उभी होती, तेव्हाही ते असंच ओरडले होते. तेव्हा बायकोनं, सकिनाबीनं, त्यांना झापलं होतं, "ओढू नका पोरीला. पाठ करून पुढं चाला, येती आपसूक."

सकिनाबीला जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

गफारभाईंनी विटा काढल्या, पट्टा सोडला आणि भुईवरच्या फळीवरून ते स्वतःच बुंदीकडं पाठ करून चालू लागले. मागं नखांची टकटक झाली. आधी ढिली, मग पक्की.

"येती गं," मागं न बघताच ते म्हणाले. "तुझंच खरं."